अकरा वाजताचे हात

खोपोलीच्या अलीकडे एका कारखान्यात मी झाकणं तपासते. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं, तेलाच्या, औषधाच्या, पाण्याच्या. आतल्या मशीनमधून ती क्रेटात पडत असतात आणि प्रत्येक लॉटमधली काही उचलून माझ्या टेबलावर येतात. ती बाटलीला लावायची, उघडायची, आटे नीट बसतात का, खालची कडी एका दमात तुटते का, काठाला प्लास्टिकची धार राहिली आहे का, ते अंगठा फिरवून बघायचं. मग शिक्का. माझा शिक्का पडल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. माहेरी गेले की भाऊ विचारतो, "दिवसभर झाकणंच उघडतेस?" मी सांगते, लावतेसुद्धा.

एका सकाळी पहिल्या पाळीत एका लॉटमधलं एकही झाकण मला उघडेना. मी ओढणीचं टोक घेऊन जोर लावून बघितला, उभी राहून बघितलं. मग शांतपणे क्रेटावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि सगळा लॉट बाजूला काढला. गाडी बाहेर उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सुपरवायझर पळत आला. तो वयाने माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतो. त्याने एक बाटली उचलली आणि माझ्याकडे बघत बघत उघडली. मग दुसरी. मग तिसरी, तीही एका हाताने, दुसऱ्या हातात मोबाईल.

"ताई, माल ओके आहे."

"घट्ट आहे," मी म्हटलं.

"ताई, उघडतंय की."

"मग माझे हातच रिजेक्ट कर," असं मी चिडून म्हटलं. ते खरं निघेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. त्याआधी दोन-तीन महिने सकाळी बोटं वळत नव्हती, पण मी ते एसीवर ढकललं होतं, मग गाडीच्या खिडकीतल्या वाऱ्यावर, मग वयावर. माझं वय काही एवढं नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आमवात सांगितला. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात वेगळा. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. गोळ्या कायमच्या. काही महिने घरी थांबा, सूज उतरू द्या, मग बघू. मी घरी थांबले.

घरी थांबलेल्या बाईला सल्ले किती मिळतात, हे घरी थांबल्याशिवाय कळत नाही. निर्गुंडीचा पाला बांध, लसूण तुपात तळून खा, तांब्याचं कडं घाल. मोबाईलवर एकीने मधमाशी चावून घ्यायचा व्हिडिओ पाठवला, खाली हात जोडलेलं चित्र. दारात येणारी प्रत्येक बाई आधी माझे हात उलटे-सुलटे करून बघायची आणि मग म्हणायची, "दिसत तर काय नाय." जणू मी तिला काहीतरी दाखवायचं कबूल केलं होतं.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "आमी काय कमी कामं केली? लावनीच्या टायमाला दिवसभर चिखलात हात असायचे. वात नाय झाला कुनाला." हे त्या तांदूळ निवडता निवडता सांगायच्या, माझ्याकडे न बघता.

नवरा टेंपो चालवतो, चौक गावाच्या नाक्यावरून गॅरेजांचा माल नेतो-आणतो. त्याने सल्ला दिला नाही. त्याने मदत केली, आणि ती जास्त महागात पडली. सकाळी निघण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची, बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायचा, मला जोर लावायला लागू नये म्हणून. आठवड्यात साखरेत मुंग्या झाल्या. मीठ पाझरलं. कैरीच्या लोणच्याला वर पांढरी साय धरली. मी म्हटलं, "अहो, झाकणं लावत जा." तो म्हणाला, "तुझ्याच सोयीसाठी करतोय ना."

मला कामावर जायचं होतं. लोकांना वाटायचं पगारासाठी, आणि पगार कुणाला नको असतो. पण खरं कारण असं की त्या टेबलावर मी ठरवते. घरात मी काय खायचं हेसुद्धा दारात येणारी बाई ठरवत होती.

सूज उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "कामावर जायचं तर आधी कर्जतला व्यवसायोपचारवाल्या मॅडमना भेटा. आठवड्यातून एकदा येतात त्या."

नवऱ्याने टेंपो चालवता चालवता विचारलं, "व्यवसाय म्हणजे काय, धंदा टाकायला सांगणार?"

"मला काय माहीत."

"टाकला तर झाकणांचा नको टाकू."

कर्जतच्या त्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली होती. टेबलावर एक लाकडी फळी, तिच्यावर कडी, कुलूप, नळाची चावी, गॅसचं बटण, विजेचं बटण, शर्टाची गुंड्यांची पट्टी, सगळं स्क्रूने आवळलेलं. एखादं घर उचलून फळीवर बसवावं तसं. मॅडम माझ्या धाकट्या जावेच्या वयाच्या. त्यांनी माझ्या बोटांकडे थोडा वेळ बघितलं, मनगट वळवून बघितलं आणि मग हात सोडून दिले.

"सकाळी डोळे उघडले की पहिलं काय करता?"

"उठते."

"कशाचा आधार घेऊन?"

"हाताचा. दुसरा कशाचा घेणार?"

"मुठीवर जोर देऊन की तळव्यावर?"

असं करत करत आम्ही दात घासण्यापर्यंत आलो, तिथून आंघोळीच्या मगापर्यंत, मगापासून ब्लाउजच्या हुकांपर्यंत. मी इतक्या लांबून मिनिडोर रिक्षात ड्रायव्हरशेजारी चौथी सीट पकडून आले होते. "मॅडम," मी म्हटलं, "मला झाकणं उघडायची आहेत. मी दात कसे घासते त्याचं काय काम?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झाकणापर्यंत पोचेपर्यंत तुमच्या हातात किती जोर शिल्लक राहतो, ते बघतेय."

ते मला पटलं, पण मी पटल्याचं दाखवलं नाही.

पुढचे काही आठवडे मी हात वापरायला नव्याने शिकत होते. चाळिशी ओलांडल्यावर कुणी कप कसा धरायचा ते शिकवलं तर राग येतो. पिशवी बोटांना लटकवायची नाही, कोपरात अडकवायची. पातेलं एका हाताने कानाला धरून उचलायचं नाही, दोन्ही तळवे खाली घालून उचलायचं. कपडे पिळायचे नाहीत, नळाला गुंडाळून दाबायचे. चाकूच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळा, झाडूलाही. म्हणजे जिथे बोटांनी भागत होतं तिथे तळवा, जिथे तळव्याने भागत होतं तिथे कोपर. मी मॅडमना म्हटलं, असंच चाललं तर शेवटी दातांनी भाकरी थापायला लागेल.

भाकरीचं तर मोठंच प्रकरण झालं. आमच्याकडे तांदळाची भाकरी, तिची उकड गरम असतानाच मळावी लागते, बोटं आत घालून. मॅडम म्हणाल्या, ताटात नको, उंच टेबलावर उभं राहून तळव्याच्या मुळाने मळा, नाहीतर दाबायचं यंत्र घ्या. सासूबाई म्हणाल्या, "यंत्रात दाबल्याली भाकरी मी खानार नाय. मेल्यावर पिंडालाबी ठेवू नका."

मॅडमनी निरोप पाठवला, पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या. मला वाटलं येणार नाहीत. आल्या. वाटभर मिनिडोरवाल्याला आणि मला सारख्याच शिव्या देत आल्या. खोलीत बसल्यावर मॅडमनी त्यांना सहज विचारलं, "आजी, तुमचे हात बघू?" सासूबाईंनी हात पदराखाली घेतले. मग जरा वेळाने एकच बाहेर काढला. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ होती. एकाच घरात इतकी वर्षं राहून मी ती बघितली नव्हती.

"हे कधीपासून?"

"हाय असंच."

"दुखतं?"

"कामाच्या बाईला दुखून कसं चालंल?" सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी त्यांच्या अंगठ्याला एक मऊ पट्टा बांधला. त्यांनी अंगठा हलवून बघितला. घरी आल्यावर ट्यूब गुंडाळलेला चाकू माझ्या हातातून काढून घेतला तो आजतागायत त्यांच्याकडेच आहे. भाकरीच्या यंत्राबद्दल मात्र मत बदललं नाही. भाकरी आता नवरा मळतो, वाईट मळतो, आणि आम्ही दोघी गप्प खातो.

मला रात्री मनगटाला बांधायला कडक पट्टे मिळाले होते. एकदा ते काढायला विसरले आणि तशीच दुकानात गेले. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी नवऱ्याला अंगणात थांबवून सांगितलं की बाईमाणसावर हात उचलणं बरं नाही. तो रडवेला होऊन घरात आला. त्यानंतर कित्येक दिवस बाहेर निघताना तो मला म्हणायचा, "हात जरा पदराखाली घे." मी म्हटलं, "मग तर खात्रीच पटेल त्यांची."

शेवटी कामावर जायचा दिवस ठरला. आधी एचआरच्या साहेबांना भेटायचं होतं. त्यांनी अकराची वेळ दिली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा वैताग तिच्यावरच उभा आहे. या दुखण्यात सकाळी हात लाकडाचे असतात. उठल्यावर बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. ऊन वर येईल तशी ती सैल होत जातात. अकरापर्यंत माझे हात कुणाच्याही हातांसारखे होतात. पहिली पाळी सातला सुरू होते.

साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला आणि जोरात हलवला. "अरे वा. पकड तर माझ्यापेक्षा चांगली आहे."

मी सांगितलं, सकाळी असं नसतं. जनरल पाळी मिळाली, नऊची, तर मी माझं जुनं काम करू शकेन.

"जनरल पाळी ऑफिस स्टाफची असते, ताई. एकीला दिली की सगळ्या मागतात. पण तुम्ही काळजी करू नका. पहिल्या पाळीतच तुम्हाला लाईट ड्यूटी देऊ."

लाईट ड्यूटी म्हणजे स्टिकर. खोक्यांवर स्टिकर लावायचे. स्टिकरला वजन नसतं, फुंकर मारली तर उडून जाईल, म्हणून ते हलकं काम. पण तो मागच्या कागदापासून सोडवायला नखाने कोपरा उचलावा लागतो, मग अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत धरून ओढावा लागतो, मग खोक्यावर अंगठ्याने दाबत न्यावा लागतो. एक झाला की दुसरा. सगळं काम त्याच दोन बोटांचं, जी मॅडम मला वाचवायला सांगत होत्या. शेजारी दोन बायका होत्या, त्या तेच काम वर्षानुवर्षं करत आलेल्या. त्यांचे हात इतके झरझर चालायचे की मला माझीच लाज वाटायची.

महिन्याच्या आत माझं मनगट पुरीसारखं फुगलं. मी सुपरवायझरला दाखवलं.

"ताई, यापेक्षा लाईट काय देऊ आता?" तो म्हणाला. "वारा घालायचं काम नाही आपल्याकडे." तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच सुचत नव्हतं.

कर्जतला गेले तेव्हा मॅडमनी मनगट बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "हलकं कुणाच्या हिशेबाने? तराजूच्या?" मग म्हणाल्या, "मी येते कंपनीत."

त्या आल्या. गेटवर पास, चपलांवर प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्यावर जाळीची टोपी. साहेबांनी चहा-बिस्किटं मागवली आणि त्यांना व्यवसायोपचार म्हणजे नक्की काय ते विचारलं. मॅडमनी समजावलं, दुखणं असतानाही रोजची कामं कशी करायची ते शिकवणं. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे फिजिओ." मॅडमनी परत समजावलं, आणि झाकण उघडायला एक साधं अवजार बसवता येईल असंही सांगितलं. मग मला बोलावलं. तेव्हाही अकराच वाजले होते. साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले, "तुम्हीच बघा ना मॅडम. काय कमी आहे?"

"यांना सातला बघा," मॅडम म्हणाल्या.

"मी दहाला येतो."

"एक दिवस सातला या."

बरीच ओढाताण झाली. पुढच्या आठवड्यात ऑडिट होतं आणि साहेबांना तसंही लवकर यावं लागणार होतं, म्हणून ते तयार झाले. मी कंपनीच्या गाडीतून जुन्या टेबलापाशी यायचं, काही झाकणं उघडायची, साहेब, सुपरवायझर आणि मॅडम बघतील. एवढंच.

त्या दिवशी मी अंधारातच उठले. घमेल्यात गरम पाणी घेतलं, त्यात हात बुडवून बसले, पाणी गार झालं की परत तापवलं. मॅडमनी शिकवलेले बोटांचे सगळे व्यायाम दोनदा केले. हातमोजे घातले, वर शाल, गाडीत हात काखेत घेऊन बसले. साहेबांसमोर माझ्या टेबलावर माझ्या हातून झाकण उघडलं नाही तर? मला तिथे सगळे ओळखतात.

झाकण उघडलं. जरा अडलं, पण उघडलं. दुसरंही उघडलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या खऱ्या होत्या, त्यांना आनंद झाला होता. "बघा मॅडम, उगाच काळजी करत होता."

मॅडमनी पिशवी उचलली. त्या पहिल्या एसटीने कर्जतहून आल्या होत्या. गेटबाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजता उठलात?"

मी सांगितलं.

"ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"माझ्या," मी म्हटलं. मला राग आला होता. "तिथे चारचौघांत उभं मला राहायचं होतं, तुम्हाला नाही."

"मग रोज अंधारात उठून हात शेकत बसणार का? जन्मभर?"

"बसेन."

"बसून झाल्यावर घरचं करून परत आठ तास स्टिकर?"

समोरून खोपोलीकडे ट्रक जात होते, एकामागून एक, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला भांडत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "नाटक करायला सांगत नाही. रोज जेवढं करता तेवढं करून या. जास्त नको, कमी नको. मी परत बोलते त्यांच्याशी." आणि मिनिडोरला हात केला. मी तिथेच उभी होते. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

साहेब दुसऱ्यांदा सातला यायला तयार नव्हते. बघून झालं ना, असं त्यांचं म्हणणं. मॅडम फोन करत राहिल्या. त्यांना रोज उत्तर मिळायचं की बघतो, आणि रोज त्या परत फोन करायच्या. मला वाटतं साहेब फोनला कंटाळून तयार झाले.

त्या सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले. चहा केला, डबा भरला, गाडी पकडली. टेबलापाशी साहेब उभे होते, अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. सुपरवायझर होता. मॅडम होत्या. मी बाटली घेतली, झाकणावर हात ठेवला आणि वळवलं. झाकण जागचं हललं नाही. माझी बोटंच त्याच्याभोवती पुरती मिटत नव्हती. मी ओढणी घेतली. बाटली गुडघ्यांत धरली. टेबलाच्या कडेला टेकवून दोन्ही तळव्यांनी प्रयत्न केला. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. मग त्यांचा हात पुढे आला, आपोआप, जसा नवऱ्याचा येतो, जसा सगळ्यांचा येतो.

"उघडू नका," मॅडम म्हणाल्या. "नुसतं बघा."

आत मशीनमधून झाकणं पडत होती, त्याचाच आवाज. सुपरवायझर छताकडे बघत होता. मी प्रयत्न करत राहिले, कारण थांबा असं कुणी म्हणेना आणि आपणहून थांबायचं माझ्या मनात येईना. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, सगळ्यांवरच्या, त्या बाटलीवरच्यासुद्धा. तशी मी आधी कधी लोकांसमोर उभी राहिले नव्हते आणि परत राहणार नाही.

मग मॅडमनी पिशवीतून एक लाकडी ठोकळा काढला, मधे खाच, आतून रबर. आणि एक लांब दांड्याची वस्तू, पान्यासारखी, तोंडाला पुन्हा रबर. बाटली खाचेत बसवली, पान्याचं तोंड झाकणावर. "दांडा बोटांनी धरू नका. कोपराजवळच्या भागाने ढकला." मी ढकललं. झाकण उघडलं.

"हे असं काढता येतं तर," साहेब म्हणाले, "तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "अकरा वाजता."

जनरल पाळी मिळाली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्या ठोकळ्याची लोखंडी नक्कल झाली, टेबलाला बोल्टने बसवली. काठावरून अंगठा फिरवायचं काम मी डाव्या-उजव्या हाताने आलटून पालटून करते आणि मधे मधे उठून नोंदी बघते. मला माझं टेबल परत मिळालं, एवढं खरं.

पण एवढ्यावर भागलं असतं तर ती आमची कंपनी कसली. जनरलची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही, ती थांबवायला तीन महिने गेले, तोवर नवऱ्याचा टेंपो. मग साहेबांच्या मनात आलं की माझा फोटो कँटीनबाहेर लावायचा. एक दिवस मी जेवायला गेले तर मी तिथे फ्लेक्सवर, अंगठा वर केलेला, खाली "जिद्दीला सलाम". तो अंगठा फोटोवाल्याने वर करायला लावला होता आणि तेव्हा तो दुखत होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं, "सर, जिद्द मला आधीही होती. स्टिकर लावत होते तेव्हाही होती. तेव्हा हात सुजले." ते म्हणाले, "ताई, तुम्ही खूप नम्र आहात."

फ्लेक्सचा एक फायदा झाला. स्टिकरवाल्या दोघींपैकी एक, कशेळ्याकडची, फ्लेक्स बघून माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माजी बोटं पन रातची मुंग्या आल्यावानी होतात. तुमाला तसं झालं होतं का?" मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "झालं. आता सगळ्यांनाच दुखायला लागलं." मी म्हटलं, "आता नाही लागलं. आता सांगायला लागलेत." स्टिकर आपोआप सोलून देणारं एक छोटं यंत्र मिळतं, मॅडमनी फोटो पाठवला होता, तो मी साहेबांना दाखवला. बघतो म्हणाले. ते अजून बघतायत. ती मात्र सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर कर्जतला आली, आणि येते.

मॅडमशी माझं शेवटचं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दुखायच्या आधी थांबायचं. मी विचारलं, दुखल्याशिवाय कळणार कसं? त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळतं. तुम्ही ऐकत नाही." मी म्हटलं, हातात जोर असताना रिकामं बसणं मला जमत नाही, आमच्या घरात कुणालाच जमत नाही. "हेच तर काम आहे," त्या म्हणाल्या, "बाकी सगळं मी लाकडाचं करून देऊ शकते."

परवा दुपारी लॉट मोठा होता. हात बरे चालले होते. सगळं संपवून टाकावं असं मनात होतं, आणि संपलंही असतं. मी पाना खाली ठेवला आणि सुपरवायझरला सांगितलं, मी पंधरा मिनिटं बसून येते. "दुखतंय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "जा."

कँटीनमध्ये जेवायला कुणी नव्हतं. तिथली एक पोरगी फरशी पुसत होती. मी चहा घेतला, कप दोन्ही तळव्यांत धरला आणि बसून राहिले. हात शाबूत असताना टेबलावरून उठून आल्याचा मला भयंकर राग येत होता. मी तशीच चिडून, चहा संपेपर्यंत बसले.